क्रमित याद्यांतील लघुतम घटकांची निवड

क्रमित याद्यांतील लघुतम घटकांची निवड ही संगणकशास्त्रातील एक मूलभूत समस्या आहे. चढत्या क्रमाची एकच यादी असल्यास सुरुवातीचे घटक उचलले की काम संपते. याद्या अनेक असल्या की अल्गोरिदमची गरज भासते. सर्व याद्या एकत्र करून नव्याने क्रम लावणे हा सोपा, पण उधळा मार्ग होय.

उदाहरणार्थ, अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीवर भंडारदरा धरण (१९२६) आहे. मोठ्या धरणांचे नियोजन सर्वसाधारणपणे ७५ टक्के विश्वासार्ह येव्यावर, म्हणजे चारपैकी तीन वर्षे तरी मिळणाऱ्या पाण्यावर केले जाते. १९२६ ते २०२४ या ९९ वर्षांचे येवे चढत्या क्रमाने लावल्यास हा येवा २५वा ठरतो. सरासरी येथे फसवी असते. अतिवृष्टीची वर्षे तिला फुगवतात आणि शेतापर्यंत न पोहोचणारे पाणी कागदावर दिसू लागते.

हे आकडे दशकवार दहा क्रमित याद्यांत आहेत असे मानू. प्रत्येक यादीतील पहिला आकडा ‘हीप’ या रचनेत ठेवतात. (ही रचना जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये मांडली.) हीपच्या माथ्यावर नेहमी सर्वांत लहान आकडा असतो. तो काढून त्याच यादीतील पुढचा आकडा आत घालतात. २५व्या खेपेस उत्तर मिळते आणि ९९ पैकी जास्तीत जास्त ३४ आकडे वाचावे लागतात.

केवळ २५वा आकडाच हवा असेल, तर ग्रेग फ्रेडरिक्सन व डोनाल्ड जॉन्सन यांची रीत (१९८२) अधिक वेगवान आहे. नोंदी क्रमितच नसल्यास टोनी होर यांचा ‘क्विकसिलेक्ट’ (१९६१) वापरतात.