उंबराचं फूल

बऱ्याच दिवसांनी दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आपण ‘आलं उंबराचं फूल!’ म्हणतो. ‘उंबर’ हा शब्द संस्कृत ‘उदुंबर’वरून आला. दाराच्या चौकटीतला उंबरा हाही त्या शब्दाचा एक अर्थ. पण मला फार मोलाचं वाटतं ते अमरकोशात आलेलं या झाडाचं दुसरं नाव, ‘जंतुफल’. ज्याने ते ठेवलं, त्याने उंबर फोडून नीट पाहिलं असणार.

कच्चं उंबर मधोमध चिरा. आतल्या बाजूला बारीक फुलांची दाटी दिसते. फळ म्हणतो तो आत वळलेला फुलोराच! शेंड्याच्या चिंचोळ्या छिद्रातून दोनेक मिलिमीटरची माशी, गांधीलमाशीची दूरची नातलग, आत घुसते. घुसताना बहुधा पंख गळतात. काही फुलांत ती अंडी घालते, सोबत आणलेले परागकण फुलांना देते आणि तिथेच मरते. पुढे तिच्या पिलांतले बिनपंखी नर बाहेर जायची वाट कोरतात. त्या वाटेने माद्या पराग घेऊन निघतात. त्यांचं आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात योग्य अवस्थेतलं दुसरं उंबर गाठायचं. परिसरातली सगळी झाडं एकाच वेळी बहरली असती, तर ही माशी टिकलीच नसती. आणि माशीवाचून उंबराला बी धरत नाही.