जन्मताच चोर? एका शिक्क्याचा इतिहास

गावात चोरी झाली की पहिलं बोट कुणाकडे जातं? गावाबाहेर पालं टाकून राहिलेल्या माणसांकडे. कुणी बघितलं, काही पुरावा आहे का, हे विचारायच्या आधीच बोट तिकडे वळतं. ही सवय आपल्याला कशी लागली, ते आज बघू.

१८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. साहेबांनी हिशोब मांडला की इथं सुताराचा मुलगा सुतार होतो, कुंभाराचा मुलगा कुंभार होतो, मग चोराचा मुलगाही चोरच होणार. त्यावरून त्यांनी अख्ख्या जमातींची नावं यादीत घातली. आधी उत्तर हिंदुस्थानात आणि १९११ नंतर सगळ्या देशात हा कायदा लागू करता येऊ लागला. यादीत नाव आलं की पोलिसांकडे नोंद आणि हजेरी. पासाशिवाय दुसऱ्या गावाला जायचं नाही. लेकरांना आईबापांपासून वेगळं ठेवायची मुभाही सरकारला होती.

ही माणसं आधी काय करत होती? कुणी बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून गावोगाव पोचवायचं, कुणी शिकार करायचं, कुणी टोपल्या विणायचं. आगगाडी आली, बैलांचा व्यापार बसला. जंगल कायदे आले, शिकार गुन्हा ठरली. आधी पोट काढून घेतलं आणि मग चोर म्हणून नाव लिहिलं.

आपल्या सोलापुरात अशा जमातींसाठी मोठी वसाहत होती. तिला सेटलमेंट म्हणत, आजही तो भाग त्याच नावानं ओळखला जातो. भोवती तारेचं कुंपण, आत कैकाडी, पारधी अशा जमातींची कुटुंबं. माणसं कापडगिरणीत कामाला जायची आणि परत येऊन हजेरी द्यायची. स्वातंत्र्य आलं १५ ऑगस्ट १९४७ ला, पण या लोकांवरचा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून ते आपला मुक्तिदिन ३१ ऑगस्टला पाळतात. सरकारी कागदावर ते 'विमुक्त' झाले. लोकांच्या तोंडातून मात्र जुनं नाव गेलं नाही.

आता बंगालकडे जाऊ. तिथं लोधा आणि खेडिया शबर या जमातींवर हाच शिक्का होता. महाश्वेता देवी या बंगाली लेखिका त्यांच्या वस्त्यांवर जाऊ लागल्या. कॉलेजातली शिकवण्याची नोकरी त्यांनी सोडली होती. वर्तमानपत्रांत त्या लिहीत, ते पायी हिंडून, चुलीपाशी बसून, विचारून लिहीत. 'बर्तिका' नावाचं त्रैमासिक त्या चालवत. त्यात आदिवासी, मजूर, रिक्षावाले यांनाच त्या आपापली हकीकत लिहायला लावत.

त्यांनी चुनी कोटाल हिच्याविषयी लिहिलं. लोधा जमातीतली पदवीधर झालेली ही पहिली मुलगी. १९८५ साली तिनं पदवी घेतली आणि पुढे मिदनापूरच्या विद्यापीठात शिकायला गेली. तिथले एक शिक्षक तिला तिच्या जमातीवरून टोचून बोलत. तिनं तक्रार केली, पण न्याय मिळाला नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये तिनं जीव दिला. एवढी शिकली, तरी वर्गात तिची ओळख चोराच्या जातीची म्हणूनच. महाश्वेता देवींनी तिची हकीकत बंगालबाहेर पोचवली, तेव्हा देशाला कळलं की १८७१ चा कायदा शाळा-कॉलेजात अजून जिवंत आहे.

फेब्रुवारी १९९८ मध्ये पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर नावाचा तरुण बायकोला सायकलवर घेऊन चालला होता. वाटेत पान घ्यायला थांबला आणि पोलिसांनी त्याला धरलं. काही दिवसांनी तो कोठडीत मेला. पोलीस म्हणाले, त्यानं गळफास घेतला. घरच्यांनी मृतदेह लपवून पुरला आणि त्याच्या जागी पुतळा जाळला, म्हणजे पुन्हा तपासणी करता यावी. महाश्वेता देवी ज्या शबर समितीबरोबर काम करत होत्या, ती समिती कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. न्यायालयानं पोलिसांचं म्हणणं मानलं नाही. सीबीआयचा तपास लावला आणि बुधनच्या पत्नीला भरपाई द्यायला सांगितलं.

त्याच वर्षी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी देशभरची एक संघटना उभी राहिली. महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्याबरोबर त्यात आपले लक्ष्मण गायकवाडही होते. त्यांच्या 'उचल्या' या आत्मकथेला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. ज्या नावानं पोलीस हाक मारायचे, तेच त्यांनी पुस्तकाला दिलं आणि आतलं आयुष्य स्वतः सांगितलं.

मैत्रिणींनो, आजही वर्तमानपत्रात 'अमुक जमातीची टोळी पकडली' असं छापून येतं. दुसऱ्या कुणी चोरी केली तर त्याचं नाव येतं, जात येत नाही. यांच्यातल्या एकानं केली की सगळी जमात बातमीत येते. मग त्यांच्या पोरीला शाळेत कुणी जवळ बसवून घेत नाही. त्यांच्या बाईला कुणी बचत गटात घेत नाही.

म्हणून अशी बातमी वाचली किंवा ऐकली की गटात तीन गोष्टी विचारा. गुन्हा कुणी केला, त्या माणसाचं नाव दिलंय की नुसतं जमातीचं? पुरावा सांगितलाय का? आणि ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांना कुणी जाऊन विचारलं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच येईल. मग आपणच जाऊन विचारू. पालं काही फार लांब नसतात.