वजाबाकीतून आलेला आकडा

प्रदूषणाच्या फलकावर नायट्रोजन डायऑक्साइडचा आकडा दिसला की यंत्राने तो वायू मोजला असं आपण धरून चालतो. बहुतेक यंत्रं मोजतात त्याचा भाऊ, नायट्रिक ऑक्साइड.

या आकड्याचा मूळपुरुष पीटर ग्रीस. हा जर्मन रसायनतज्ज्ञ इंग्लंडात बर्टनच्या बिअर कारखान्यात नोकरीला होता. द्रावणात नायट्राइट असेल तर रंग उमटतो, ही त्याची परीक्षा १८७९ची. १९५४मध्ये बर्नार्ड सॉल्टझमनने ती हवेतल्या, द्रावणात शिरून नायट्राइट बनणाऱ्या डायऑक्साइडसाठी घडवली आणि त्या रंगावरच सुरुवातीची स्वयंचलित यंत्रंही चालली. पण द्रावणं सतत बदलावी लागत.

त्याच रंगावरची १९५८ची जेकब्स-हॉखायझर पद्धत मात्र हाताने करायची. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९७१मध्ये तिला प्रमाण मानलं आणि दोनच वर्षांत मागे घेतलं. हवेतला वायू कमी-जास्त झाला की द्रावण तो किती टक्के पकडणार हेही बदलत होतं! सोडियम आर्सेनाइट घालून हा दोष आवरला. भारताच्या २००९च्या मानकांत ही सुधारित पद्धत अजून आहे. हवेतलं विष मोजायला बाटलीत आर्सेनिक!

त्याच मानकांत शेजारी दुसरी पद्धत आहे, रासायनिक प्रकाशाची. १९७०मध्ये आर्थर फोंटाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नायट्रिक ऑक्साइड ओझोनला भेटला की मंद, तांबूस आणि बराचसा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो. जितका वायू, तितका प्रकाश. ना द्रावण, ना बाटली, आकडा मिनिटामिनिटाला. अडचण एवढीच की डायऑक्साइड असा उजळत नाही. म्हणून हवा एकदा सरळ मोजायची, एकदा तीनशेहून अधिक अंश तापवलेल्या मॉलिब्डेनमवरून न्यायची. तिथे डायऑक्साइडचा नायट्रिक ऑक्साइड होतो. दुसऱ्या मोजणीतून पहिली वजा केली की फलकावरचा आकडा मिळतो.

खोट इथेच आहे. तापलेलं मॉलिब्डेनम नायट्रिक आम्ल, पेरॉक्सिअ‍ॅसिटाइल नायट्रेट (पॅन) अशा इतर नायट्रोजनयुक्त संयुगांचंही रूपांतर करतं आणि तीही डायऑक्साइडच्या खात्यात जमा होतात. वर्दळीच्या रस्त्यावर फरक थोडा. शहराबाहेर, उन्हाच्या दुपारी तो बराच वाढतो. मॉलिब्डेनमऐवजी विशिष्ट प्रकाशाने डायऑक्साइड फोडणारी किंवा तो थेट मोजणारी यंत्रं आता मिळतात. ती सगळीकडे बसेपर्यंत गावाबाहेरच्या केंद्राचा दुपारचा आकडा थोडा चढा धरूनच वाचावा.