पाच फूट तीन इंचांची रेघ

रविवारच्या अंकातल्या वधू-वर जाहिराती आपण सगळेच वाचतो. ज्यांच्या घरात लग्नाचे कोणी नाही, तेही वाचतात. शिक्षण, पगार, गोत्र आणि त्याच ओळीत उंची. मुलगा पाच-तीन, पाच-चार असला की आईवडिलांचा आवाज जरा खाली येतो. ‘पण दिसत नाही हो तेवढा बुटका,’ असे कोणीतरी म्हणतेच. ते वाक्य दाराआडून ऐकणाऱ्या मुलाचे काय होत असेल, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ही लाज आली कुठून? मी इतिहासाचा माणूस, म्हणून आज तिचा इतिहास सांगतो.

ठेंगण्या माणसाची थट्टा जुनीच आहे. पण उंचीचा आकडा मात्र जुना नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याला आपली उंची किती हे ठाऊक नसे आणि ते ठाऊक असण्याची गरजही नसे. मोजपट्टी माणसाच्या डोक्याला लागली ती प्रामुख्याने लष्करभरतीत. तोंडाकडून दारू ठासायच्या लांब बंदुकांना उंच शिपाई सोयीचा. प्रशियाचा राजा पहिला फ्रेडरिक विल्यम याने तर पॉट्सडॅमला केवळ धिप्पाड माणसांची पलटण बाळगली होती. पुढे १८३५ साली बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. सरासरी ठरली, त्याबरोबर प्रत्येकजण एकतर तिच्या वर गेला, नाहीतर खाली.

नेपोलियनची गोष्ट या ओघात सांगायलाच हवी. मृत्यूनंतर त्याची उंची ५ फूट २ इंच नोंदली गेली, पण फ्रेंच मापात. फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा. आजच्या हिशेबाने ती उंची १६८ सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे त्या काळच्या सामान्य फ्रेंच माणसाहून कमी नव्हे. तरी जगाच्या डोक्यात तो बुटकाच राहिला. याचे बरेचसे श्रेय लंडनच्या जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराला. १८०३ पासून त्याने मोठ्या टोपीखाली आदळआपट करणारा चिमुकला ‘बोनी’ रंगवला आणि शत्रूची ती टवाळी इतिहास म्हणून खपली. ठेंगणा माणूस जरा ठामपणे बोलला की ‘याला नेपोलियनची बाधा’ असे आजही म्हणतात. म्हणजे गप्प बसला तर दबलेला आणि बोलला तर बाधा झालेला!

आता १९१४ सालाकडे येऊ. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटिश सैन्यात शिरायला किमान उंची होती ५ फूट ३ इंच. सांगतात की, डरहॅमचा एक खाणकामगार ठिकठिकाणच्या भरती केंद्रांतून नाकारला जात बर्कनहेडला पोहोचला. तिथेही नकार मिळाल्यावर त्याने खोलीतल्या कोणाशीही दोन हात करायची तयारी दाखवली. खाणीत दिवसभर कोळसा फोडणारा हा गडी, कमी पडला तो दोन बोटांनी! तिथले खासदार आल्फ्रेड बिगलंड यांनी युद्धखात्याकडे रदबदली केली आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये पाच फूट ते पाच-तीन उंचीच्या माणसांची वेगळी पलटण उभी राहिली. लहान चणीच्या झुंजार कोंबड्यावरून तिला ‘बँटम’ नाव पडले. थोड्याच दिवसांत हजारोंनी नावे नोंदवली. पुढे अशा पलटणींची ३५वी डिव्हिजन झाली आणि १९१६ साली ती सोमच्या रणधुमाळीत उतरली. देशासाठी मरायलासुद्धा ज्यांना उंचीचा परवाना लागला, त्यांच्या मनावर त्या आधीच्या नकाराचा घाव किती खोल असेल!

त्या घावाला शब्द दिला व्हिएन्नाच्या आल्फ्रेड आडलर यांनी. ते स्वतः लहानपणी मुडदुसाने आजारी असत. आडलर यांचे म्हणणे असे की, उणेपणाची भावना हा आजार नव्हे. प्रत्येक मूल मोठ्यांच्या जगात लहानच असते आणि त्या भावनेतूनच ते धडपडायला शिकते. माणूस त्या भावनेतच अडकून पडला, तर न्यूनगंड होतो.

माझी स्वतःची उंची ५ फूट २ इंच. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभे करीत, त्यामुळे पहिला नंबर दहा वर्षे कायम! वर्गातली मुले हाक मारीत ती ‘टिंगू’ म्हणून. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ असे म्हणून मोठी माणसे समजूत घालीत. लालबहादूर शास्त्रींपासून गावसकर-तेंडुलकरांपर्यंतची यादी आम्हाला पाठ. पण मंडळी, त्या म्हणीतला ‘पण’ जरा ऐका. कीर्ती नसलेल्या लहान मूर्तीने मग काय करावे?

मनाच्या या दुखण्यावर औषधही निघाले. १९५८ साली अमेरिकेत मॉरिस रेबेन यांनी मृत माणसांच्या पीयूषिका ग्रंथीतून काढलेल्या वाढीच्या संप्रेरकाचा यशस्वी उपयोग जाहीर केला. पुरवठा तुटपुंजा, म्हणून ज्यांच्या शरीरात ते तयार होत नाही अशा मुलांनाच ते मिळे. १९८५ साली त्यातून मेंदूचा जीवघेणा आजार होत असल्याचे उघड झाले आणि अमेरिकेत ते थांबले. त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलेले संप्रेरक आले. आता माल मुबलक झाला. २००३ साली अमेरिकेने ते निरोगी पण फार ठेंगण्या मुलांनाही द्यायला परवानगी दिली. प्रौढ पुरुषाच्या मापात ती मर्यादा कुठे पडते? साधारण ५ फूट ३ इंचांवर! लष्कराची रेघ जणू दवाखान्यात आली. वर्षानुवर्षे रोज सुई टोचून हाती येतात ते सरासरी एक ते तीन इंच.

खरे दुखणे उंचीत आहे का? इंग्लंडच्या वेसेक्स भागात ठेंगण्या पण निरोगी मुलांचा अनेक वर्षे अभ्यास झाला. १९९७ साली आढळले की, त्यांच्या आत्मसन्मानात इतरांपेक्षा लक्षणीय फरक नव्हता. घरच्या परिस्थितीचा परिणाम उंचीपेक्षा अधिक होता. मात्र छळ जास्त सोसावा लागतो, हे त्याच मुलांनी २००० सालच्या अहवालात सांगितले. स्वीडनमध्ये लष्करी तपासणीच्या नोंदींवरून २००५ साली दिसले की, ठेंगण्या पुरुषांत आत्महत्येचे प्रमाण अधिक आहे. त्यामागे बालपणीचे हाल किंवा पुढे वाट्याला येणारी हेटाळणी असू शकते, असे अभ्यासकांना वाटते.

बालपणीचे हाल हा मुद्दा आपल्याला फार जवळचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डच पुरुषाची सरासरी उंची जेमतेम १६५ सेंटिमीटर होती. आज ती १८२च्या पुढे आहे. एवढ्या काळात रक्त बदलत नाही. अन्न, पाणी आणि आरोग्य बदलते. आपल्याकडे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. उंची आनुवंशिक असतेच, पण अनेकांच्या बाबतीत ती बालपणीच्या उपासमारीची नोंदही असते. ज्याला पोटभर मिळाले नाही, त्यालाच आपण ‘बुटक्या’ म्हणून हसतो!

मोजपट्टी वाईट नाही. अंगणवाडीत ती मुलाच्या भल्यासाठीच भिंतीवर असते. वाढ खुंटली असेल तर डॉक्टरांकडे जरूर जावे. पण वाढत्या वयाचा मुलगा किंवा मुलगी फोटोत यायचे टाळू लागली, लग्नकार्याला नको म्हणू लागली, खोलीचे दार लावून बसू लागली, तर लोंबकळायला बार आणून देऊ नका. जवळ बसून विचारा, कोण काय म्हणाले ते. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. त्यात कमीपणा नाही. आणि आपल्याच घरात ते टोपणनाव चालत असेल, तर आजपासून त्याला त्याच्या नावाने हाक मारा.