हे खरे कशावरून?

विज्ञानाचा पदवीधर बी.एड.च्या वर्गात येतो तेव्हा नियम, सूत्रे आणि व्याख्या त्याला मुखोद्गत असतात. परंतु उद्या एखाद्या मुलाने ‘सर, हे खरे कशावरून?’ असे विचारले, तर पुस्तकाकडे बोट दाखविण्यापलीकडे तो काय करील? भावी शिक्षकाची खरी परीक्षा येथेच आहे.

आपले जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानात १९१७ साली भाषांतर विभाग निघाला आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च विज्ञान उर्दूतून शिकविता येते, हे त्या विद्यापीठाने दाखवून दिले. हा वारसा मोठा खरा. पण घोकंपट्टी मातृभाषेतूनही होऊ शकते, हे विसरून चालणार नाही.

मग विज्ञानाचे स्वरूप शिकवावे कसे? इतिहासाच्या आधारे. दृष्टीचे किरण डोळ्यांतून बाहेर पडतात, असे युक्लिड व टॉलेमी मानीत. बसऱ्याच्या इब्न अल्-हैसम यांनी अकराव्या शतकात हे मत तपासून पाहिले. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर त्यांनी दिवे ओळीने ठेवले. आत प्रत्येक दिव्याचा वेगळा कवडसा पडला. एक दिवा झाकताच त्याचाच कवडसा नाहीसा झाला, बाकीचे तसेच राहिले. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि एकमेकांत मिसळत नाही, हे डोळ्यांना दिसले. मात्र डोळ्यातील भिंगच प्रकाश ग्रहण करते, हे त्यांचे मत पुढे टिकले नाही. प्रतिमा मागील पडद्यावर पडते, असे केप्लर यांनी १६०४ साली मांडले. थोरांचे मतही पुराव्यापुढे बदलते. यात विज्ञानाचा कमीपणा नाही, तेच त्याचे बळ आहे.

मध्य प्रदेशात होशंगाबादच्या सोळा शाळांत १९७२ साली असाच उपक्रम सुरू झाला. तेथे शिक्षक आधी स्वतः प्रयोग करीत, चुकत, वाद घालीत आणि मगच वर्गावर जात. २००२ साली तो उपक्रम बंद करण्यात आला, पण त्याचा धडा जुना झालेला नाही.

तीन मेणबत्त्या आणि छिद्र पाडलेला एक पुठ्ठा जालन्यातील कोणत्याही अध्यापक विद्यालयाला परवडेल. भावी शिक्षकाने तो प्रयोग एकदा स्वतःच्या हाताने करावा. मग मुलाच्या ‘कशावरून?’ या प्रश्नाची त्याला भीती वाटणार नाही. उलट तो त्या प्रश्नाची वाट पाहील.