रूळ, ओळ आणि दुसऱ्याचे डोळे

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. भारतीय रेल्वेचे रूळ पुढे याच कारखान्यात घडू लागले. तयार झालेला रूळ थेट लोहमार्गावर जात नाही. आत भेग दडली आहे का, हे अल्ट्रासॉनिक लहरींनी तपासले जाते. घडवणाऱ्याला स्वतःचा दोष सहज दिसत नाही, हे कारखान्यांनी फार पूर्वी ओळखले होते.

संगणकाच्या आज्ञावलीला हीच शिस्त लावण्याचा प्रयत्न आयबीएममधील मायकेल फॅगन यांनी केला. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, सहकाऱ्यांनी एकत्र बसून आज्ञावली ओळीओळीने वाचण्याची पद्धत मांडली होती. पद्धत परिणामकारक होती. पण त्यासाठी सर्वांनी एका खोलीत जमणे आवश्यक होते.

ही अट दूर करणारे साधन त्याच सुमारास तयार होत होते. १९७४ साली बेल प्रयोगशाळेच्या युनिक्समध्ये ‘डिफ’ ही आज्ञा आली. दोन मजकुरांतील फरक ती दाखवी. आज प्रचलित असलेल्या मांडणीत काढलेल्या ओळीपुढे वजा आणि घातलेल्या ओळीपुढे अधिक असे चिन्ह असते. १९८५ साली लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ लिहिले. ते हा फरक वाचून मूळ मजकुरात बदल करून देई. त्यामुळे संपूर्ण आज्ञावली पाठवण्याची गरज उरली नाही. मोजक्या ओळी ई-मेलने धाडता येऊ लागल्या.

१९९१ साली सुरू झालेले लिनक्स याच रीतीने वाढले. एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी ‘गिट’ रचले आणि ही रीत सुबक झाली. ‘गिट फॉरमॅट-पॅच’ बदलाचे पत्र तयार करते, ‘गिट सेंड-ईमेल’ ते रवाना करते. परीक्षक शंका असलेल्या ओळीखालीच उत्तर लिहितो; लेखक सुधारून दुसरी आवृत्ती पाठवतो. मान्य झालेल्या बदलावर परीक्षकाचे नावही नोंदवता येते.

मात्र पत्र पोहोचणे म्हणजे ते नीट वाचले जाणे नव्हे. ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री ओपनएसएसएल या सुरक्षा-प्रणालीत एक बदल स्वीकारला गेला. एका जाणत्या परीक्षकाने तो पाहिला होता. समोरचा संगणक संदेशाची जी लांबी सांगेल ती पडताळायची राहून गेली होती, आणि ते त्याच्याही नजरेतून सुटले. ‘हार्टब्लीड’ नावाने ही त्रुटी एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली, तोवर असंख्य सर्व्हरांच्या स्मृतीतील गुपिते बाहेरच्याला वाचता येण्याजोगी होती. परीक्षणाची पायरी अस्तित्वात होती. पुरेसे डोळे नव्हते.

२०१६ साली भिलाईच्या नावाने आयआयटी स्थापन झाली. तेथील विद्यार्थी लिनक्सकरता बदल पाठवील, तेव्हा त्याच्या हाती त्याच दोन आज्ञा असतील, ज्या बड्या कंपनीतील अभियंता वापरतो. पण बदल पाठवणारे पुष्कळ असतात, इतरांचे बदल मन लावून वाचणारे थोडे. विद्यार्थ्याला प्रवेश करण्यासाठी हे दुसरे दारही उघडे आहे, आणि तिथे माणसांची गरज अधिक आहे.