कार्व्हर यांनी भुईमूगच का निवडला?

वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) या पुस्तकामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी शाळांत परिचयाचे झाले. त्यांचा विषय निघाला, की भुईमुगापासून त्यांनी केलेल्या शेकडो वस्तूंची गोष्ट आपण सांगतो. मात्र त्यांना भुईमूगच का हवा होता, हे सांगायचे राहून जाते.

१८९६ साली कार्व्हर अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे शिकवायला आले. तेथील बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतकरी दुसऱ्यांच्या जमिनी वाट्याने कसत. उधारी मिळे ती कापसाच्या भरवशावर. म्हणून वर्षानुवर्षे कापूसच लावला जाई आणि जमिनीतील नत्र कमी होत जाई. घरात खायला मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराचे चरबीयुक्त मांस. त्यात प्रथिने बेताचीच. प्रथिनांचाही एक आवश्यक घटक नत्र आहे. म्हणजे जमीन आणि माणूस, दोघांनाही नत्राचीच वाण होती.

भुईमूग दोघांनाही उपयोगी पडणारा होता. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. दाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिने असतात, शिवाय जवळजवळ निम्मे तेल. चवळी आणि रताळ्यांबरोबर कार्व्हर यांनी भुईमुगाचाही आग्रह धरला. १९१० च्या सुमारास कापसाची बोंडे पोखरणारा भुंगा अलाबामात पोचला, तेव्हा शेतकऱ्यांनाही दुसऱ्या पिकाची निकड भासू लागली.

पण पिकलेल्या शेंगांचे करायचे काय? १९१६ च्या पुस्तिकेत कार्व्हर यांनी लागवडीच्या माहितीबरोबर भुईमुगाच्या १०५ पाककृती दिल्या. पीक स्वयंपाकघरात रुजले तरच शेतात टिकेल, हा त्यामागचा विचार होता. शेंगदाण्याचे लोणी मात्र त्यांचा शोध नव्हे. दाण्यांच्या लगद्याचे पेटंट कॅनडाच्या मार्सेलस एडसन यांना १८८४ सालीच मिळाले होते.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. भुईमूग लावला की जमीन आपोआप सुधारते, असे नाही. शेंगांबरोबर पालाही चाऱ्यासाठी शेताबाहेर गेला, तर बराचसा नत्रही त्याच्याबरोबर जातो.

फुलोऱ्यातील एक झाड मुळांसकट हलकेच खणून काढावे आणि मुळांवरील गाठ कापून पाहावी. ती आतून गुलाबी किंवा लालसर असेल, तर तिच्यात नत्र बांधण्याचे काम चालू आहे असे समजावे.